वकील बैलाचे हरवलेले पाच फोटो

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. व्हिडिओमध्ये काहीही हलत नसतं. ते सगळे फोटोच असतात, एकामागून एक दाखवलेले. सेकंदाला पंचवीस फोटो डोळ्यांपुढून सरकवले की नवरी मान वर करताना दिसते, आचारी कढई ढवळताना दिसतो आणि डीजेपुढे नवरदेवाचा मामा नाचताना दिसतो. प्रत्यक्षात मामा पंचवीस वेळा नुसता उभा असतो. या एवढ्याशा ज्ञानावर मी मंगरुळपीरला जन्मभर 'व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग'चं दुकान चालवलं, दोन पोरींची लग्नं केली आणि त्यांची शूटिंगही स्वतःच केली. आता दुकान बंद आहे. पण रस्त्यात भेटणारी माणसं अजूनही मला पाहिलं की सवयीने हसू आणतात आणि खांदे सरळ करतात.

पंचवीसच का, असं कोणी विचारत नसे. विचारायला हवं होतं, कारण या धंद्यातली निम्मी भांडणं त्या आकड्यातून निघतात. टीव्ही नवा होता तेव्हा चित्रांचा वेग विजेच्या हेलकाव्यांशी जुळवावा लागे, नाहीतर पडद्यावर पट्टे फिरत. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, म्हणून आपण त्याच्या निम्मे, पंचवीस फोटो घेतले. या पद्धतीला पाल म्हणतात. अमेरिकेची वीज साठ हेलकावे खाते, म्हणून त्यांनी तीस घेतले. ती एनटीएससी. आमच्या भागात वीज कित्येकदा सेकंदाला शून्य हेलकावे खाते, पण त्यासाठी वेगळी पद्धत काढावी असं कोणाला वाटलं नाही.

कॅसेटच्या काळात या दोन पद्धतींनी मला चांगलंच रडवलं. आसेगावच्या एका म्हातारीचा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. त्याने घर, गाडी, बर्फ असं सगळं दाखवणारी कॅसेट आईला पाठवली. म्हातारी अख्खी गल्ली घेऊन माझ्या दुकानात आली. मी कॅसेट लावली तर तिकडची पद्धत आणि इकडचा प्लेअर. रंग गायब, आणि मुलगा सारखा खालून वर सरकतोय, डोकं वरून बाहेर गेलं की पाय खालून आत. म्हातारी बराच वेळ टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, "बाप्पा, किती वाळला व माहा पोरगा! अन् एका जागी ठरूनच नाई राह्यला. तिथं लई काम असते वाटते त्याले." मी पद्धतींचा फरक समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून सांगितलं की तिथली वीज चांगली नाही, घरी ये.

हे सगळं त्या मानाने सोपं होतं, कारण त्यात बैल नव्हते.

आमच्याकडचा शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेरणी-कापणीतून मोकळ्या झालेल्या शिवारात सरळ, लांब पट्टा साफ करतात. त्याला दाण म्हणतात. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची, वर धुरकरी बसवायचा आणि या झेंडीपासून त्या झेंडीपर्यंत जोडी सोडायची. सेकंदाच्या पटात एका वेळी एकच जोडी पळते. सुरुवातीला एक दोरा ताणलेला असतो, शेवटी दुसरा. बैलांनी पहिला तोडला की इलेक्ट्रिक घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. ज्याची वेळ कमी, तो पहिला. बैलाच्या मालकासाठी त्या आठ-नऊ सेकंदांत वर्षभराची इज्जत असते. मध्ये काही वर्षं पटांवर बंदी होती. ती उठली तेव्हा लोक असे धावले की बैलांना जागा करून द्यावी लागली.

असाच एक पट माघ महिन्यात मानोऱ्याकडच्या एका शिवारात भरला होता. पट समितीने मोबाइलवर थेट दाखवण्यासाठी मला बोलावलं होतं. दाणीच्या मध्यावर बांबूचा उंच माळा बांधला होता. तिथून कॅमेरा फिरवला की सुरुवातीच्या झेंडीपासून शेवटच्या झेंडीपर्यंत अख्खी धाव एका दमात टिपता येई.

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक गुलाबरावांची, आसेगावच्या. त्यांच्या डाव्या बैलाचं नाव वकील, कारण तो जागचा न हलता समोरच्याला दमवतो, असं ते सांगत. दुसरी जोडी इंझोरीच्या नामदेवरावांची. त्यांचा सरपंच नावाचा बैल गव्हाणीवर पहिला असतो आणि जुवाखाली शेवटचा. दोघेही बागायतदार, दोघेही तालेवार, आणि दोघे एकमेकांचे व्याही, आमच्या बोलीत इवाई. गुलाबरावांची वैशाली नामदेवरावांच्या नीलेशला दिलेली. त्यांच्या लग्नाची शूटिंग माझीच होती.

गुलाबरावांची जोडी पळायच्या तोंडावर कोणाचा तरी ट्रॅक्टर घड्याळाच्या वायरवरून गेला. घड्याळ मेलं. आणि हे कोणाच्या लक्षात आलं तेव्हा वकील झेंडी ओलांडून पलीकडच्या तुरीच्या तुराट्यांत उभा होता. पळालेली जोडी पुन्हा पळवत नाहीत. समितीचे पंच पंजाबराव माळ्याखाली आले आणि वर पाहून ओरडले, "विजूभाऊ, तुमच्यापाशी हाय ना सारं? मंग काय टेन्शन हाय!"

हाय म्हणालो. एवढ्यात माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली, आणि खाली नामदेवरावांची जोडी सुटायला तयार. माझ्या शेजारी माळ्यावर नीलेश स्वतःचा मोबाइल घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, मी फिरवत होतो तसाच फिरव, हात हलू देऊ नको. पोराने चांगलं काम केलं. सरपंच झेंडीपार झाला आणि लोकांनी फेटे उडवले.

अर्ध्या तासात समिती माझ्या लॅपटॉपभोवती जमली. वेळ कसा काढणार, असं पंजाबरावांनी विचारलं. मी म्हटलं, फोटो मोजायचे. धावेच्या पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत. गुलाबरावांच्या जोडीचे दोनशे फोटो भरले. नामदेवरावांच्या जोडीचे दोनशे चाळीस.

मी पुढे काही बोलणार तोच पंजाबरावांनी माइक हातात घेतला. "दोनशे फोटूत आली गुलाबरावची जोडी! पह्यला नंबर!"

गुलाल उधळला गेला. गुलाबरावांना खांद्यावर घेतलं. त्या गोंधळात मी पंजाबरावांचा सदरा ओढून सांगत होतो की माझा कॅमेरा सेकंदाला पंचवीस फोटो घेतो आणि मोबाइल तीस, तेव्हा दोनशेला पंचवीसने भागायचं आणि दोनशे चाळीसला तीसने. पंजाबरावांनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग माइकवरून म्हणाले, "थांबा. आठ अन् आठ. गुलाल परत घ्या."

आता इथे एक गोष्ट वाचकांच्या कानात सांगतो. तीस म्हणजे पुरते तीस नसतात, किंचित कमी असतात. अमेरिकेने रंगीत टीव्ही काढताना ती बारीकशी काटछाट केली, आणि मोबाइल तर उजेड कमी झाला की आणखी मनमानी करतो. पण त्यातून निघणारा फरक एका फोटोइतकाही नव्हता, आणि समोर उभ्या असलेल्या जमावाच्या हातात तुताऱ्या होत्या. तुतारी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी. मी तीस म्हणजे तीसच धरले.

समितीने निकाल राखून ठेवला. पहिलं बक्षीस एक मोठा कूलर होता. तो निकाल लागेपर्यंत पंजाबरावांच्या घरी ठेवायचं ठरलं.

चार दिवसांनी गुलाबराव दुकानात आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला धास्ती वाटली.

"विजूभाऊ, एक सांगा. इवायाच्या बैलायचे सेकंदाले तीस फोटू काढले?"

"हो."

"अन् माह्या बैलायचे पंचवीस?"

"हो, पण त्याने वेळेत काही फरक..."

"माहे पाच फोटू कुठी गेले?"

मी त्यांना समजावलं. गेले नाहीत, काढलेच नव्हते. ते म्हणाले, तेच तर विचारून राह्यलो, काहून नाई काढले? मी म्हटलं, आपल्या देशाची पद्धतच पंचवीसची आहे. ते म्हणाले, आपल्या देशाची पद्धत माह्यासाठी अन् अमेरिकेची इवायासाठी? मग ते पुढे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "त्या पाच फोटूत वकील पुढं होता. मले माहीत हाय. मी पाह्यलं."

हसण्यावारी नेता येईल असं हे बोलणं नव्हतं, कारण त्यात चूक काहीच नव्हती. माझ्या एका फोटोत वकिलाचं नाक झेंडीच्या अलीकडे वीतभर होतं, पुढच्या फोटोत ते झेंडीच्या पलीकडे होतं. मधल्या पळात ते नेमकं कधी झेंडीला लागलं, हे मलाही सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांची लग्नं टिपली आणि दर दोन फोटोंच्या मध्ये काय काय निसटलं याचा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा शिवला. थोडं वाईट वाटलं.

त्या वाईट वाटण्याच्या भरात मी म्हटलं, कॉम्प्युटर अंदाजाने मधले फोटो बनवू शकतो. अलीकडचा आणि पलीकडचा फोटो पाहून मधलं चित्र स्वतः काढतो. हे मी बोलायला नको होतं.

"बनवा," गुलाबराव म्हणाले. "मी बसतो."

कॉम्प्युटरला माणसांचे चेहरे, गाड्या, झाडं बऱ्यापैकी जमतात. भरधाव बैलांच्या पायांचं मात्र त्याला काही कळत नाही. आठ पाय, सगळे हवेत, धुळीत मिसळलेले. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. झेंडीजवळचा जो फोटो बनला त्यात वकिलाला सहा पाय होते आणि जोडीतल्या दुसऱ्या बैलाला, पाखऱ्याला, दोनच. धुरकऱ्याला मुंडकं नव्हतं. पण वकिलाचं नाक झेंडीच्या चार बोटं पलीकडे होतं.

गुलाबराव त्या फोटोकडे पाहून हरखून गेले. "हे पाहा! म्हटलं नव्हतं?"

"भाऊ, सहा पाय आहेत त्याला."

"जोरात पळला म्हणजे दिसतात तसे."

त्यांनी तो फोटो मोठा छापून घेतला आणि फ्रेम करून पंजाबरावांच्या घरी समितीपुढे ठेवला. ती बैठक भरेपर्यंत चैत्र आला होता, आणि मलाही बोलावलं होतं. समितीतली माणसं फोटो हातोहात फिरवत होती. नामदेवरावांनी तो खाली-वर धरून पाय मोजले. मग उठून उभे राहिले.

"माही हरकत हाय. सहा पायाचा बैल पटात चालत नाई."

"चार पायावरच पळला तो!" गुलाबराव ओरडले.

"मंग हा फोटू त्याचा नाई. अन् त्याचा असन, तर सहा पायावर कोणीबी पह्यला येते. दोन पाय बाहेरून आणले तुमी."

"बाहेरून नाई आणले. पाखऱ्याचेच हायेत, मोजून घ्या. बेरीज आठच येते!"

पंजाबरावांनी पटाचे नियम मागवले. बैलाचं वय, छकड्याचं वजन, तुतारी टोचण्याला मनाई, सगळं होतं. बैलाला पाय किती असावेत हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण तशी वेळ आजवर आली नव्हती. पंजाबराव गंभीर झाले. म्हणाले, वरच्या लोकांना विचारावं लागेल, तोवर निकाल राखीव. हे बोलताना ते कूलरपुढे बसले होते. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी म्हणून त्यांनी सुरू केला होता, आणि चैत्र लागल्यापासून ते रोज तेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव दुकानात हजर. त्यांचं म्हणणं उलट होतं. व्याह्याला पाच वाढवून दिलेत, तर माझे पाच कमी करा आणि मलाही पंचवीसवर आणा, म्हणजे समान न्याय झाला.

"कोणते पाच काढायचे?" मी विचारलं.

"जे कामाचे नाई ते."

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि फोटो पुसायचं बटण दाखवलं. कंटाळतील आणि जातील, असा माझा हिशेब होता. तो चुकला. सरपंचाची जीभ बाहेर आली होती तो फोटो त्यांनी काढला. शेपटी वाकडी होती तो काढला. मान खाली होती तेवढे सगळे काढले. मग त्यांनी धाव चालवून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की फोटो काढले की बैल लवकर पोचतात. त्यांचा चेहरा उजळला. दुपारपर्यंत त्यांनी आणखी बरेच काढले. ऊन उतरलं तेव्हा त्यांची जोडी एका झेंडीवरून निघत होती, मध्ये एकदा दिसत होती आणि दुसऱ्या झेंडीवर उभी राहत होती.

"पाहा विजूभाऊ," ते भारावून म्हणाले, "असा बैल तालुक्यात नाई."

मी त्यांना सांगितलं की बैलाला नाही, व्हिडिओला पंख फुटलेत. ते रागावून गेले. जाताना म्हणाले, "तुमी आसेगाववाल्यायले मिळाले."

इथपर्यंत मी ही सगळी गंमतच समजत होतो. कोणाला सांगितली की पोट धरून हसायचे. मग एका दुपारी फोन आला.

"काका, वैशाली बोलून राह्यली. इंझोरीहून."

मी म्हटलं, बोल बाई, कशी आहेस. ती आधी हसली, मग हसता हसताच रडायला लागली. तिला दिवस होते, सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. न्यायचं ते सातव्यातच, आठव्यात घराबाहेर काढत नाहीत. आणि तिच्या माहेराहून कोणी आलंच नव्हतं.

"बाबा म्हणतात, जोपर्यंत इवाई वकिलाचा पह्यला नंबर मान्य नाई करत, तोपर्यंत त्याच्या उंबऱ्यावर पाय नाई ठेवत. मामंजी म्हणतात, जोपर्यंत बाबा सहा पायाचा फोटू मांग नाई घेत, तोपर्यंत धाडत नाई. हे मधात बोलले तर मामंजी म्हणतात, तुह्या मोबाइलनंच सारा घोळ केला, तू गप राह्य."

"आणि तुझी आई?"

"मायनं लाडू करून ठेवले. रोज फोन करते अन् रडते. काका, मले माह्या मायजवळ जायचं हाय. तुमी लवकर निकाल लावा. माहं पोट कोणासाठी थांबत नाई."

मी फोन ठेवला. मला स्वतःचा राग आला, दोघा म्हाताऱ्यांचा आला आणि त्या पंचवीस-तीसच्या भानगडीचा तर फारच आला. निकाल माझ्या हातात नव्हता. हातात होत्या त्या दोन धावा, एक माझी आणि एक नीलेशची.

मी कॉम्प्युटर लावला आणि पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे वकिलाची जोडी, उजवीकडे सरपंचाची. या वेळी अंदाजाचा एकही फोटो बनवू दिला नाही आणि एकही पुसला नाही. जो फोटो आहे तो पुढचा येईपर्यंत धरून ठेवायचा, इतकंच. म्हणजे पंचवीसवाला जरा जास्त वेळ थांबतो, तीसवाला जरा कमी, आणि दोघांचा सेकंद एकाच वेळी संपतो. दोन्ही धावा एकाच क्षणी सोडल्या. मी एकट्याने त्या पाहिल्या आणि पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, जी माघापासून मला दिसलीच नव्हती. आपल्या धंद्यात असं होतं. माणूस बैल पाहायला सांगतो आणि आपण बैलच पाहतो. मी लगेच पंजाबरावांना फोन करून दोघांनाही बोलवायला सांगितलं.

पंजाबरावांच्या ओसरीवर भिंतीला पांढरी चादर लावली आणि प्रोजेक्टर ठेवला. पोहरादेवीच्या यात्रेचं चित्रण गर्दीला दाखवायला मी तो वापरत असे. चार बाजूंनी जाजमं बांधून अंधार केला. गुलाबराव एका टोकाला बसले, नामदेवराव दुसऱ्या. मध्ये कूलर. दोघेही एकमेकांकडे न पाहता कूलरकडे पाहत होते.

मी धाव सोडली. दोन जोड्या शेजारी शेजारी पळू लागल्या. सेकंदाच्या पटात असं कधी होत नाही. कोणीच या दोन जोड्यांना बरोबर पळताना पाहिलं नव्हतं. धूळ, घुंगरं, धुरकऱ्यांची आरोळी, सगळं दुप्पट. दोन्ही जोड्या एकाच वेळी झेंडीपार झाल्या.

गुलाबराव खाकरून म्हणाले, "आणखी एक डाव लावा."

लावला. दुसऱ्यांदा नामदेवरावांच्या तोंडून निघून गेलं, "कसे बरोबर येऊन राह्यले लेकाचे!" गुलाबरावांनी मान हलवली आणि मग हलवली म्हणून घट्ट धरली. तिसऱ्यांदा लावताना मी म्हटलं, "आता बैल पाहू नका. झेंडीजवळचं कुंपण पाहा."

बैल शेवटच्या टप्प्यात आले. डावीकडच्या चित्रात कुंपणाच्या आतून हिरव्या लुगड्यातली एक बाई बैलांबरोबर धावत होती. एक हात पोटावर, दुसरा हवेत. उजवीकडच्या चित्रातही तीच बाई, तेच लुगडं, तसाच एक हात पोटावर, तशीच धावत, तोंड उघडून ओरडत. बाप पळवत होता तेव्हाही आणि सासरा पळवत होता तेव्हाही. चादरीवर दोन वैशाली एकाच वेळी झेंडीकडे धावत होत्या.

गुलाबराव ताडकन उठले. "अवं, पोटुशी हाय ना तू! धावतं काहून?"

नामदेवरावही उठले. "ये वैशाली! बस खाली! कोणी बसवा व तिले!"

दोघे चादरीपाशी जाऊन चादरीवर ओरडत होते. घटना माघातली, ओरडणं वैशाखातलं. तिथे कोणीतरी हसलं असतं, पण दोघांचे चेहरे पाहून हसायची हिंमत झाली नाही. उजवीकडच्या वैशालीचा पाय ढेकळात अडखळला आणि ती पडता पडता सावरली. तेव्हा डावीकडून गुलाबरावांनी आणि उजवीकडून नामदेवरावांनी एकदमच हात पुढे केले. चादर खिळ्यांसकट दोघांच्या अंगावर आली.

चादरीतून बाहेर निघाले तेव्हा दोघांचे डोळे ओले होते. धूळ गेली, असं दोघांनीही सांगितलं. पंजाबरावांची ओसरी रोज झाडली जाते.

नामदेवराव खाली पाहत म्हणाले, "उद्या न्यायले या, इवाई. सातवा सरून राह्यला."

"येतो," गुलाबराव म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "तो फोटू मी मांग घेतो. तसेही त्यात धुरकऱ्याले मुंडकं नाई."

"अन् नंबर?" पंजाबरावांनी विचारलं.

"राखीव ठेवा," दोघे एकदम म्हणाले. मग नामदेवरावांनी कूलरच्या पाठीवर थाप मारली. "हा मात्र पोरीसंग आसेगावले जाईन. बाळंतपण हाय, ऊन हाय." पंजाबराव तोंड उघडून काही बोलणार होते. पण दोन्ही व्याही त्यांच्याकडे एकाच वेळी पाहू लागले, आणि त्यांनी निमूटपणे प्लग काढला.

वैशालीला मुलगी झाली. बारशाची शूटिंग अर्थातच माझ्याकडे. आसेगावच्या त्या घरात पाळण्याच्या डाव्या बाजूला एक आजोबा, उजव्या बाजूला दुसरे, आणि कोपऱ्यात कूलर घोंघावत होता. मी कॅमेरा लावला तेव्हा गुलाबरावांनी विचारलं, किती फोटू घेऊन राह्यले? मी म्हटलं, पन्नास. नामदेवराव म्हणाले, "बरं केलं. मधात काही सुटाले नको."

पंगत उठल्यावर वैशाली लेकीला घेऊन ओसरीत बसली होती. माझ्या मनात त्या चादरीच्या दिवसापासून एक प्रश्न होता. त्या गर्दीत कॅमेऱ्याला तिचा आवाज ऐकूच आला नव्हता. मी विचारलं, "बाई, खरं सांग, झेंडीजवळ तू कोणाच्या नावाने ओरडत होतीस? वकिलाच्या की सरपंचाच्या?"

तिने आत डोकावून पाहिलं. दोन्ही आजोबा रिकाम्या पाळण्यापाशी, नाक कोणाचं आलं यावर वाद घालत होते. तिने लेकीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"कोणाच्याच नाई, काका. मी ओरडून राह्यली होती, देवा, दोघायले बरोबर आण. कोणी हारलं तर मले दोन्ही घरी तोंड दाखवाले जागा राहणार नाई म्हणून." मग ती हसली. "अन् देवानं आईकलं पाहा. त्याच्यानंच सारं भांडण झालं."